स्क्रोल व्ह्यूचे आशयानुरूप आकारमान

स्क्रोल व्ह्यूचे आशयानुरूप आकारमान म्हणजे मोबाइल ॲपच्या पडद्यावरील सरकत्या भागाचा आकार आधीच ठरवलेल्या आकड्यावरून न घेता, त्यात प्रत्यक्ष येणाऱ्या मजकूर, चित्रे, याद्या इत्यादी आशयावरून निश्चित करण्याची पद्धत होय. स्क्रोल व्ह्यू हा वापरकर्त्याच्या आंतरपृष्ठाचा एक घटक आहे. पडद्यात न मावणारा आशय बोटाने वर-खाली किंवा आडवा सरकवून पाहता यावा, हे त्याचे काम असते.

आशय किती जागा व्यापेल हे ॲप लिहिताना माहीत नसते. वापरकर्त्याने निवडलेली भाषा, अक्षरांचा आकार, पडद्याची रुंदी, उपकरणाची उभी-आडवी स्थिती आणि सर्व्हरकडून येणारी माहिती या सर्वांवर ते अवलंबून असते. आकाराचा हिशेब चुकल्यास मजकूर कापला जातो, पानाच्या तळाशी असलेले बटण बोटाखाली येत नाही किंवा लहान मजकुराखाली मोठी रिकामी जागा उरते. त्यामुळे हा विषय केवळ पडद्याच्या देखणेपणाचा नसून, ॲप वापरता येणे किंवा न येणे याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

## मूलभूत संकल्पना

कोणत्याही स्क्रोल व्ह्यूमध्ये दोन स्वतंत्र आकार असतात.

* दृश्यचौकट – पडद्यावर प्रत्यक्ष दिसणारी खिडकी. तिचा आकार पडद्यावर उपलब्ध असलेल्या जागेवरून ठरतो.
* आशयाचा आकार – खिडकीमागे सरकणाऱ्या संपूर्ण पटाची लांबी-रुंदी. तो आतल्या घटकांवरून ठरतो.

पट किती सरकला आहे हे सांगणाऱ्या तिसऱ्या राशीला *सरक* म्हणता येईल. चौकटीच्या आत कडेने राखलेल्या मोकळ्या जागेला *समास* म्हणतात. फोनच्या तळाची सूचक पट्टी, वरची शीर्षकपट्टी किंवा कळफलक यांच्यामागे आशय झाकला जाऊ नये यासाठी समास वापरले जातात. या राशींचा परस्परसंबंध सरळ आहे:

कमाल सरक = आशयाची उंची + खालचा समास − चौकटीची उंची

उदाहरणार्थ, चौकटीची उंची ७०० पॉइंट, आशयाची उंची १,५०० पॉइंट आणि खालचा समास ३४ पॉइंट असेल, तर पट जास्तीत जास्त ८३४ पॉइंट सरकू शकतो. उत्तर शून्य किंवा ऋण आल्यास सरकवण्यासारखे काही उरत नाही. आशयाची उंची चुकून कमी नोंदली गेली, तर कमाल सरकही तेवढीच कमी होते आणि पटाचा शेवटचा भाग चौकटीखाली अडकून राहतो.

‘आशयानुरूप आकार’ या शब्दप्रयोगाने व्यवहारात तीन वेगवेगळ्या अपेक्षा व्यक्त होतात:

1. चौकट स्थिर असावी आणि आशय वाढेल तसा पट वाढावा. बातमी, लेख, अर्ज यांच्या पानांसाठी ही रचना वापरतात.
2. आशय कमी असल्यास पटाने निदान चौकट भरून काढावी, म्हणजे तळाशी असावयाचे बटण तळाशीच राहील. प्रवेशाच्या व नोंदणीच्या पानांवर ही गरज भासते.
3. चौकट स्वतःच आशयाएवढी असावी, एका मर्यादेपर्यंत वाढावी आणि त्यापुढे स्क्रोल सुरू व्हावा. संवादपेट्या, तळातून वर येणारे फलक आणि संदेश लिहिण्याची पेटी ही याची उदाहरणे होत.

तिसऱ्या प्रकारात चौकटीची उंची म्हणजे आशयाची उंची आणि ठरलेली मर्यादा यांपैकी जी लहान असेल ती. वरील तीन अपेक्षांपैकी कोणती अभिप्रेत आहे हे आधी निश्चित केले नाही, तर एका प्रकाराचा उपाय दुसऱ्याला लावला जातो. या विषयातील बरेच दोष त्यातून उद्भवतात.

## इतिहास

आशयाचा पट खिडकीमागे सरकवण्याची कल्पना मोबाइलच्या आधीची आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात विकसित झालेल्या स्मॉलटॉक प्रणालीत सरकपट्ट्या होत्या. १९८१ चा झेरॉक्स स्टार आणि १९८४ चा मॅकिंटॉश या संगणकांमुळे त्या रूढ झाल्या. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने सरकपट्टीऐवजी थेट बोटाने पट ढकलण्याची, बोट उचलल्यावरही पट काही काळ वेगाने सरकत राहण्याची आणि टोकाला पोहोचल्यावर रबराप्रमाणे ताणून परत येण्याची पद्धत लोकप्रिय केली. या परतण्याच्या क्रियेवरील ॲपलचे पेटंट पुढे ॲपल आणि सॅमसंग यांच्यातील खटल्यातही वादाचा मुद्दा ठरले.

ॲप लिहिणाऱ्यांसाठी यूआयस्क्रोलव्ह्यू हा घटक २००८ मध्ये आयफोन ओएस २ सोबत उपलब्ध झाला. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्तीतही, त्याच वर्षी, स्क्रोलव्ह्यू होता. सुरुवातीच्या सर्व आयफोनांचा पडदा ३२० × ४८० पॉइंट एवढाच असल्यामुळे विकसक प्रत्येक घटकाची उंची हाताने मोजून आकडा लिहीत आणि ते चालून जाई. सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोन ५ चा पडदा ५६८ पॉइंट उंच झाला, २०१४ मध्ये आयफोन ६ आणि ६ प्लस यांनी रुंदीही बदलली, आणि ठरावीक आकड्यांची पद्धत अपुरी पडू लागली. अँड्रॉइडवर अनेक उत्पादकांच्या अनेक आकारांच्या पडद्यांमुळे ही अडचण त्याआधीच भेडसावू लागली होती. २००९ च्या अँड्रॉइड १.६ पासून वेगवेगळ्या आकारांच्या व घनतेच्या पडद्यांना पद्धतशीर आधार मिळाला.

ॲपलने २०११ मध्ये मॅकसाठी आणि २०१२ मध्ये आयओएस ६ साठी ऑटो लेआउट ही बंधनाधारित मांडणी आणली. घटकांचे आकडे सांगण्याऐवजी त्यांच्यातील संबंध सांगायचे आणि उत्तर प्रणालीने काढायचे, हे तिचे तत्त्व आहे. ही समीकरणे सोडवण्यासाठी कॅसोवरी ही पद्धत वापरली जाते. ग्रेग बाड्रोस, ॲलन बोर्निंग आणि पीटर स्टकी यांनी ती विकसित केली. अँड्रॉइडवर कन्स्ट्रेंटलेआउट हा बंधनाधारित घटक २०१६ मध्ये जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात फ्लटर, स्विफ्टयूआय आणि जेटपॅक कंपोझ या घोषणात्मक पद्धतीच्या चौकटी आल्या. त्यांत आकार ठरवण्याचा करार अधिक स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे.

## मोजणीची प्रक्रिया

बहुतेक प्रणालींत मांडणी दोन टप्प्यांत होते. प्रथम पालक घटक आपल्या अपत्य घटकाला किती जागा उपलब्ध आहे ते कळवतो. अपत्य त्या मर्यादेत आपला आकार ठरवून तो पालकाला सांगते. त्यानंतर पालक त्याची जागा निश्चित करतो.

स्क्रोल व्ह्यू या नियमाला एक विशेष वळण देतो. उभ्या स्क्रोलमध्ये अपत्याला रुंदी ठरवून दिली जाते, पण उंचीवर मर्यादा घातली जात नाही. “या रुंदीत तुला किती उंची लागेल?” असा तो प्रश्न असतो. यातून दोन परिणाम निघतात.

पहिला परिणाम असा की, रुंदी निश्चित असल्याशिवाय उंची सांगता येत नाही. एखादा परिच्छेद ३४० पॉइंट रुंदीत पाच ओळींत बसेल, तर २०० पॉइंट रुंदीत त्याच्या नऊ ओळी होऊ शकतील. रुंदीचे बंधन राहून गेल्यास मजकूर एकाच लांब ओळीत पसरतो आणि पट आडवा सरकू लागतो.

दुसरा परिणाम असा की, अमर्याद उंची मिळालेल्या अपत्याला ‘उरलेली सर्व जागा घे’ ही आज्ञा पाळता येत नाही, कारण अमर्यादातून काही उरत नाही. उभ्या स्क्रोलच्या आत दुसरा उभा स्क्रोल किंवा जागा भरणारा घटक ठेवल्यावर अनेक प्रणाली त्रुटी दाखवतात, ती याच कारणाने.

## आयओएस

### यूआयकिट

यूआयकिटमध्ये आशयाचा आकार *कंटेंटसाइझ* या गुणधर्मात साठवला जातो. यादीसाठीचा यूआयटेबलव्ह्यू, जाळीसाठीचा यूआयकलेक्शनव्ह्यू आणि लांब मजकुरासाठीचा यूआयटेक्स्टव्ह्यू हे तिन्ही यूआयस्क्रोलव्ह्यूचेच वंशज आहेत.

ऑटो लेआउट वापरताना स्क्रोल व्ह्यूच्या कडांना लावलेली बंधने इतर घटकांपेक्षा वेगळा अर्थ घेतात. आतल्या घटकाला कडेशी बांधले, तर ते बंधन चौकटीशी नव्हे, तर पटाशी जोडले जाते. हा दुहेरी अर्थ गोंधळाचा ठरत असल्यामुळे २०१७ च्या आयओएस ११ मध्ये *कंटेंट लेआउट गाइड* आणि *फ्रेम लेआउट गाइड* अशी दोन स्वतंत्र नावे देण्यात आली. पहिले पटासाठी आहे आणि दुसरे चौकटीसाठी. उभ्या स्क्रोलची नेहमीची रचना पुढीलप्रमाणे असते:

* सर्व आशय एका धारक घटकात ठेवणे.
* धारकाच्या चारही कडा कंटेंट लेआउट गाइडला बांधणे.
* धारकाची रुंदी फ्रेम लेआउट गाइडच्या रुंदीएवढी करणे.
* धारकाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत घटकांची उभी साखळी अखंड ठेवणे.
* चौकट भरून काढायची असल्यास, धारकाची उंची चौकटीपेक्षा कमी नसावी असे बंधन जोडणे.

यांतील चौथी अट सर्वांत नाजूक आहे. शेवटचा घटक धारकाच्या तळाशी बांधायचा राहिला, तर धारकाची उंची शून्य ठरू शकते. यूआयकिटचे घटक आपल्या सीमेबाहेरील अपत्ये आपोआप कापत नाहीत, त्यामुळे पडद्यावर सर्व काही व्यवस्थित दिसते. परंतु सीमेबाहेर झालेला स्पर्श मात्र अपत्यापर्यंत पोहोचवला जात नाही. परिणामी बटण दिसते, पण दाबले जात नाही. आशयाची उंची थोडीच कमी नोंदली गेल्यास आणखी एक लक्षण दिसते: पट ताणला असता तळाचे बटण क्षणभर वर येते आणि बोट उचलताच पुन्हा खाली जाते.

मजकुराच्या लेबलला पूर्वनियोजित स्वरूपात एकच ओळ दिलेली असते. ओळींची संख्या शून्य, म्हणजे अमर्याद, केल्यावरच लेबल आशयानुसार उंच होते. यूआयटेक्स्टव्ह्यूचा स्वतःचा स्क्रोल बंद केला असता तो आपल्या संपूर्ण मजकुराएवढी उंची मागतो, तर स्क्रोल चालू असताना तशी मागणी करत नाही. संदेश लिहिण्याची वाढती पेटी करताना याचा उपयोग होतो: मर्यादेपर्यंत स्क्रोल बंद ठेवायचा आणि मर्यादा गाठल्यावर सुरू करायचा.

आशयाचा आकार मांडणी पूर्ण झाल्यावरच विश्वासार्ह असतो. पान स्मृतीत येताच वाचलेला आकडा बहुधा शून्य किंवा जुना असतो.

### स्विफ्टयूआय

२०१९ मध्ये आलेल्या स्विफ्टयूआयमधील स्क्रोलव्ह्यू, देऊ केलेली सर्व जागा सरकण्याच्या दिशेने व्यापतो. पहिल्या अपेक्षेसाठी हे सोयीचे आहे, पण तिसऱ्या अपेक्षेसाठी अडचणीचे ठरते, कारण दोन ओळींच्या सूचनेसाठीही तो पूर्ण पडदा मागतो. यावर आशयाची उंची मोजून ती चौकटीला देणे हा एक मार्ग आहे. २०२२ च्या आयओएस १६ मधील *व्ह्यूदॅटफिट्स* हा घटक दुसरा मार्ग देतो. आशय उपलब्ध जागेत मावत असेल, तर तो साध्या रूपात ठेवायचा आणि मावत नसेल, तरच स्क्रोलमध्ये ठेवायचा, असा पर्यायक्रम त्यात देता येतो. मावणारा आशय उगाच ताणला जाऊ नये यासाठीची सोय आयओएस १६.४ पासून उपलब्ध आहे.

## अँड्रॉइड

अँड्रॉइडच्या स्क्रोलव्ह्यूला एकच थेट अपत्य असू शकते. दुसरे जोडल्यास ॲप त्रुटी देऊन थांबते. म्हणून सर्व घटक एका धारक मांडणीत ठेवले जातात.

मोजणीच्या वेळी पालक तीनपैकी एक सूचना देतो: ‘एवढाच आकार’, ‘जास्तीत जास्त एवढा’ किंवा ‘मर्यादा नाही’. स्क्रोलव्ह्यू आपल्या अपत्याला उंचीबाबत तिसरी सूचना देतो. त्यामुळे अपत्याच्या उंचीसाठी लिहिलेले *मॅच पॅरेंट*, म्हणजे पालकाएवढे, प्रत्यक्षात *रॅप कंटेंट*, म्हणजे आशयाएवढे, असेच वागते. लहान आशयाने पडदा भरावा असे वाटल्यास *फिलव्ह्यूपोर्ट* हा गुणधर्म सुरू करावा लागतो. तो सुरू असताना अपत्य चौकटीपेक्षा लहान आढळल्यास त्याची चौकटीच्या उंचीने पुन्हा मोजणी होते. त्यामुळे बटण तळाशी ठेवणारी मांडणी शक्य होते. मजकूर वाढला की तीच मांडणी आपोआप स्क्रोल होऊ लागते.

लांब याद्यांसाठी २०१४ मध्ये *रिसायकलरव्ह्यू* आला. सुरुवातीला त्याला आशयाएवढी उंची घेता येत नसे. ही क्षमता २०१६ च्या साहाय्यक संचाच्या २३.२ या आवृत्तीत आली.

जेटपॅक कंपोझमध्ये, ज्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली, थोड्या आशयासाठी *व्हर्टिकलस्क्रोल* आणि लांब यादीसाठी *लेझीकॉलम* वापरतात. एकाच दिशेने सरकणारा लेझीकॉलम व्हर्टिकलस्क्रोलच्या आत ठेवल्यास अमर्याद उंचीबाबतची त्रुटी येते. अशा वेळी पानाचा वरचा भागही त्याच यादीतील एक घटक म्हणून लिहिणे हा प्रचलित उपाय आहे. किमान व कमाल उंची *हाइटइन* या सूचनेने देता येते.

## बहुमंचीय चौकटी

फ्लटर ही गूगलची चौकट असून तिची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बंधने वरून खाली जातात, आकार खालून वर येतात आणि जागा पालक ठरवतो, हे तिच्या मांडणीचे सूत्र आहे. जागेत न मावणाऱ्या रांगेच्या किंवा स्तंभाच्या कडेला विकासाच्या काळात पिवळे-काळे पट्टे दिसतात. त्यामुळे दोष लगेच लक्षात येतो. सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू आपल्या अपत्याएवढा आकुंचित होऊ शकतो. लिस्टव्ह्यूला मात्र तसे करण्यासाठी *श्रिंकरॅप* हा पर्याय द्यावा लागतो आणि त्यासाठी यादीचा आकार पुनःपुन्हा मोजण्याची किंमत मोजावी लागते. एकाच पानात शीर्षक, जाळी आणि यादी एकत्र सरकवायची असल्यास *स्लिव्हर* या तुकड्यांची रचना सुचवली जाते.

रिॲक्ट नेटिव्ह २०१५ मध्ये आली. तिच्यातील स्क्रोलव्ह्यूला उंचीची मर्यादा असणे आवश्यक असते. ही मर्यादा त्याच्या सर्व पूर्वज घटकांमधून यावी लागते. चौकटीची आणि आतल्या पटाची शैली स्वतंत्रपणे द्यावी लागते. पटाला *फ्लेक्सग्रो* १ दिल्यास लहान आशयही चौकट भरून काढतो.

## तुलना

| चौकट | थोड्या आशयासाठी | लांब यादीसाठी | लहान आशयाने चौकट भरण्यासाठी |
|---|---|---|---|
| यूआयकिट | यूआयस्क्रोलव्ह्यू | यूआयटेबलव्ह्यू, यूआयकलेक्शनव्ह्यू | धारकाच्या किमान उंचीचे बंधन |
| स्विफ्टयूआय | स्क्रोलव्ह्यू | लिस्ट, लेझीव्हीस्टॅक | किमान उंचीची फ्रेम |
| अँड्रॉइड व्ह्यू | स्क्रोलव्ह्यू, नेस्टेडस्क्रोलव्ह्यू | रिसायकलरव्ह्यू | फिलव्ह्यूपोर्ट |
| जेटपॅक कंपोझ | व्हर्टिकलस्क्रोल | लेझीकॉलम | हाइटइन |
| फ्लटर | सिंगलचाइल्डस्क्रोलव्ह्यू | लिस्टव्ह्यू | कन्स्ट्रेन्डबॉक्समधील किमान उंची |
| रिॲक्ट नेटिव्ह | स्क्रोलव्ह्यू | फ्लॅटलिस्ट | पटाला फ्लेक्सग्रो १ |

## लांब याद्या आणि अंदाजित उंची

हजारो ओळींच्या यादीत प्रत्येक ओळ आधी तयार करून मोजणे परवडत नाही. म्हणून अशा याद्या पडद्यावर दिसणाऱ्या ओळीच तयार करतात. अनेक चौकटी बाहेर गेलेल्या ओळींचे घटक नव्या ओळींसाठी पुन्हा वापरतात. न दिसणाऱ्या ओळींची उंची अंदाजाने धरली जाते. आयओएस ८ पासून (२०१४) यूआयटेबलव्ह्यूच्या ओळी आपल्या आशयावरून उंची ठरवू शकतात आणि आयओएस ११ पासून हे वर्तन पूर्वनियोजित झाले.

अंदाज वास्तवापासून दूर असेल, तर संपूर्ण पटाची उंची सरकवता सरकवता बदलत जाते. १,००० ओळींची यादी प्रत्येकी ४४ पॉइंट धरल्यास ४४,००० पॉइंट होते. प्रत्यक्ष सरासरी ११० पॉइंट असल्यास ती १,१०,००० पॉइंट ठरते. अशा यादीत सरकपट्टीचा खुंट उड्या मारतो आणि ‘शेवटच्या ओळीवर जा’ ही आज्ञा भलत्याच जागी नेऊ शकते. अंदाज नेहमीच्या ओळीच्या जवळचा ठेवणे किंवा एकदा मोजलेल्या उंची साठवून ठेवणे हे त्यावरील उपाय आहेत.

यादीला तिच्या संपूर्ण आशयाएवढी उंची देऊन दुसऱ्या स्क्रोल व्ह्यूमध्ये ठेवणे ही सर्वत्र आढळणारी पळवाट आहे. दहा-वीस ओळींसाठी ती निभावते. परंतु उंची पूर्ण असल्यामुळे यादीच्या दृष्टीने सर्वच ओळी ‘दिसणाऱ्या’ ठरतात, त्या सर्व एकदम तयार होतात आणि पुनर्वापराचा लाभ नाहीसा होतो. मोठ्या यादीत यामुळे पान उघडण्यास विलंब लागतो आणि स्मृती अधिक खर्च होते.

## उशिरा येणारा आशय

चित्रे, जाहिराती आणि जाळ्यावरून येणारा मजकूर पान उघडल्यानंतर काही वेळाने पोहोचतो. त्यांच्यासाठी जागा राखलेली नसेल, तर ते येताच खालचा मजकूर ढकलला जातो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते. बोट टेकण्याच्या क्षणी बटण सरकल्यास भलतीच कृती घडण्याचीही शक्यता असते. चित्राची लांबी-रुंदी किंवा त्यांचे गुणोत्तर माहितीसोबतच पाठवल्यास, चित्र येण्यापूर्वीच योग्य उंचीची जागा राखता येते.

आशय वाचनस्थानाच्या *वर* जोडला जातो, तेव्हा सरकही तेवढीच वाढवावी लागते. गप्पांच्या ॲपमध्ये जुने संदेश वर येऊन पट ६०० पॉइंटांनी वाढला, तर सरकेत ६०० पॉइंट मिळवल्यावरच समोरचा संदेश जागच्या जागी राहतो. वेब ब्राउझरांमध्ये यालाच स्क्रोल अँकरिंग म्हणतात. क्रोममध्ये ते २०१७ पासून आहे.

ॲपच्या पानात वेब पान बसवले असता त्याची उंची ॲपच्या मांडणीला आपोआप कळत नाही. पान पूर्ण लोड झाल्यावर ती जावास्क्रिप्टद्वारे विचारून घ्यावी लागते आणि पानातील चित्रे नंतर आल्यास पुन्हा विचारावी लागते.

## अक्षरांचा आकार आणि सुलभता

दृष्टी मंद असलेले व वयस्क वापरकर्ते फोनच्या मांडणीत अक्षरे मोठी करून घेतात. आयओएसमध्ये २०१३ पासून असलेल्या डायनॅमिक टाइप या सोयीत १२ आकार आहेत. त्यांपैकी पाच सुलभतेसाठीचे खास मोठे आकार होत. मुख्य मजकुराचा आकार नेहमी १७ पॉइंट असतो आणि सर्वांत मोठ्या निवडीत तो ५३ पॉइंट होतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. त्याआधी पिक्सेल फोनांवर ही मर्यादा १३० टक्के होती.

अक्षरे दुप्पट झाली की परिच्छेदाची उंची दुपटीहून अधिक वाढते, कारण अक्षरांची उंची वाढते आणि एका ओळीत मावणारे शब्दही कमी होतात. नेहमीच्या आकारात पडद्यात बसणारे, म्हणून स्क्रोल न दिलेले पान अशा वेळी पूर्णपणे अडून बसते: संमतीचा मजकूर दिसतो, पण त्याखालचे बटण पडद्याबाहेर जाते. यामुळे स्थिर दिसणारी पानेही स्क्रोलमध्ये ठेवण्याची शिफारस केली जाते. वेब आशयाच्या सुलभतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत, मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवला असता आशय किंवा कार्य हरवू नये, अशी अट आहे. ॲपच्या परीक्षणातही तिचा आधार घेतला जातो.

### देवनागरी मजकूर

लॅटिन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेल्या उंचीत देवनागरी मजकूर अनेकदा मावत नाही. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार असतात. अक्षराच्या खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे भाग येतात. ओळीची उंची आकड्याने बांधली असल्यास हेच भाग प्रथम कापले जातात आणि त्यामुळे अर्थही बदलू शकतो. अनुस्वार कापला गेल्यास ‘घरांत’ हे ‘घरात’ असे वाचले जाते आणि ऊकार गेल्यास ‘फूल’चे ‘फल’ होते.

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. त्यामुळे ‘महाविद्यालयांमधील’ यासारखे लांब शब्द नेहमी येतात. अरुंद रकान्यात आणि मोठ्या अक्षरांत असा एकच शब्द पूर्ण ओळ व्यापतो आणि ओळींची संख्या मूळ इंग्रजी आराखड्यापेक्षा वाढते. एकाच ओळीत देवनागरी व रोमन अक्षरे आल्यास दोन वेगळ्या टंकांची उंची विचारात घ्यावी लागते. अँड्रॉइड ९ पासून दुय्यम टंकाची उंचीही ओळीच्या मोजणीत धरण्याची सोय आहे. भाषांतरित ॲपमध्ये ओळीची किंवा बटणाची उंची ठरावीक न ठेवता केवळ किमान उंची देणे हा यावरील साधा उपाय आहे.

## कळफलक आणि पडद्यातील बदल

पडद्यावरील कळफलक उघडला की चौकटीचा मोठा भाग झाकला जातो. आशयाचा आकार बदलत नाही, पण दिसणारी जागा घटते. यूआयकिटमध्ये कळफलकाच्या उंचीएवढा खालचा समास वाढवतात किंवा आयओएस १५ पासून (२०२१) उपलब्ध असलेल्या कळफलक मार्गदर्शकाला मांडणी बांधतात. स्विफ्टयूआय आयओएस १४ पासून हे काम स्वतः करते. फ्लटरचा स्कॅफोल्ड हा पायाभूत घटकही पूर्वनियोजितपणे कळफलकासाठी जागा सोडतो. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपमध्ये आशय पडद्याच्या कडांपर्यंत पसरत असल्यामुळे, प्रणालीच्या पट्ट्यांसाठीचे समास ॲपनेच विचारात घ्यावे लागतात.

फोन आडवा केल्यावर उंची निम्म्याच्या आसपास येते. घडीच्या फोनमध्ये पान उघडे असतानाच रुंदी बदलते. दोन्ही प्रसंगी संपूर्ण आशयाची नव्याने मोजणी होते.

## सामान्य दोष

* उंचीचा ठरावीक आकडा – एका फोनवर व एका भाषेत बरोबर दिसतो, इतरत्र मजकूर कापतो.
* तुटलेली उभी साखळी – पट सरकत नाही किंवा बटण दाबले जात नाही.
* रुंदीचे बंधन नसणे – पट आडवा सरकतो.
* एकाच दिशेचे एकात एक स्क्रोल – बोटाच्या हालचालीने नेमके काय सरकावे हे अनिश्चित राहते.
* मोजणीचे चक्र – मोजलेल्या उंचीवरून चौकट बदलते, चौकट बदलल्याने पुन्हा मोजणी होते आणि मांडणी स्थिर होत नाही.
* समास दोनदा धरणे – प्रणालीने सोडलेली जागा ॲपनेही सोडल्यामुळे तळाशी रिकामा पट्टा उरतो.

## चाचणी

आशयानुरूप आकारमानाची चाचणी नमुन्याच्या मजकुरावर न करता टोकांच्या स्थितींवर केली जाते: रिकामा आशय, एक शब्द, अतिशय लांब मजकूर, सर्वांत मोठी अक्षरे, सर्वांत लहान पडदा, आडवा फोन, उघडा कळफलक आणि संथ जाळे. एक्सकोडमध्ये मजकूर दुप्पट लांब करून दाखवणारी कृत्रिम भाषा उपलब्ध आहे. अँड्रॉइडमध्येही अशी छद्मभाषांतराची सोय आहे. त्यामुळे प्रत्यक्ष भाषांतर होण्यापूर्वीच अपुऱ्या जागा उघड होतात. प्रत्येक स्थितीत शेवटचा घटक पूर्ण दिसतो का, तो दाबता येतो का आणि बोट उचलल्यावर तो जागेवर राहतो का, हे तपासले जाते.

## हेही पहा

* वापरकर्ता आंतरपृष्ठ
* आयओएस
* अँड्रॉइड
* फ्लटर
* देवनागरी
* युनिकोड